इसबगोल घ्या, पण पेलाभर पाण्यातून

मा. संपादक,

बद्धकोष्ठतेवर घेतला जाणारा उंझा-सिद्धपूरचा इसबगोल बडोद्यात घरोघरी असतो. चुकते ते पाणी. चमचाभर भुसा पूर्ण पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यावा. रेंगाळलात तर तो फुगतो आणि घशात अडकू शकतो. कोरडी फक्की तर मुळीच मारू नये. गुण यायला २-३ दिवस लागतात, म्हणून पहिल्याच रात्री मात्रा वाढवू नका. इतर औषधांपासून २ तासांचे अंतर ठेवा.

बिसाकोडिल या रेचकाची गोळी दुधाबरोबर नको, चावूनही नको: दुधाने तिचे आवरण जठरातच विरघळते, चावल्याने फुटते, नि पोटात कळा येतात. पोट दुखून उलट्या होत असतील किंवा शौचात रक्त दिसले, तर कोणतेही रेचक न घेता आधी डॉक्टर गाठा.

— काही औषधविक्रेते, दांडिया बाजार, बडोदे