गळाला लावलेला बेडूक आणि पन्नास रुपयांचा दंड

मा. केंद्रीय मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

नऊ दिवसांपूर्वी, रविवारी, एका मोठ्या माणसाने माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात जिवंत बेडूक दिला आणि शिकवलं, "खालच्या ओठातून घाल, वरच्यातून काढ. जपून, मेला तर मरळ येणार नाही." जलाशयावर गळाने मासे पकडण्याची स्पर्धा होती. मुलाच्या एका हातात बेडूक, दुसऱ्या हातात गळ, आणि तो तसाच उभा. भोवतालचे हसले. कुणीतरी म्हणालं, आईला बोलाव.

मी तिथेच होते. बाजूला एक दोरी कुणीतरी ओढून टाकून दिली होती. तिच्या टोकाचा बेडूक अजून पाय मारत होता. त्याला सोडवायला वाकले. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. तो आत शिरतो सहज, निघताना मांस फाडून निघतो. बेडकाने उसळी घेतली आणि गळाचं टोक त्याच्या ओठातून पार होऊन माझ्या उजव्या अंगठ्यात रुतलं. काही क्षण तो आणि मी एकाच गळाला होतो.

माझं पोट शिवणकामावर चालतं. अंगठा चिरून गळ काढला, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. आज नववा दिवस. कात्री धरता येत नाही, हे पत्र मी सांगते आहे आणि मुलगा लिहितो आहे. तीन लग्नांचे ब्लाउज परत करावे लागले. रात्री अंगठा ठणकतो तेव्हा मला त्या ओठाचीच आठवण येते. मला डॉक्टर होता, सुन्न करणारं औषध होतं. त्याला पुन्हा पाण्यात फेकणार होते, तडफड चालू राहावी म्हणून.

या स्पर्धेत हे होणार नाही असं मला लेखी कळवलं होतं, म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी हेच पाहून मी परवानगी देणाऱ्या कार्यालयात अर्ज केला होता. चार खेपा घातल्या. शेवटी उत्तर आलं की पुढच्या परवान्यात "जिवंत प्राणी आमिष म्हणून वापरू नयेत" अशी अट घालण्यात येईल. शिक्का आहे, सही आहे, जावक क्रमांक आहे. या वर्षीचा परवाना मी रविवारी फलकावर वाचला. प्लास्टिकबद्दल अट होती, ध्वनिक्षेपकाबद्दल होती, वाहनं कुठे लावावीत याबद्दल होती. बेडकाबद्दल एक शब्द नव्हता. त्या विश्वासावर मी माझ्या मुलाला तिथे नेलं होतं, साहेब.

मी मासेमारीच्या विरोधात नाही. वडिलांनी मला सहाव्या वर्षी गळ धरायला शिकवलं. कणकेचा गोळा कसा मळायचा, तरंगा बुडाला तरी लगेच हिसका का द्यायचा नाही, हे मला त्यांच्याकडून आलं. पोटासाठी मासे धरणाऱ्या कोळ्याशी माझं भांडण नाही. लक्षद्वीपमध्ये मिनिकॉय बेटाचे लोक कुप्पा मासा (ट्यूना) काठी आणि गळाने धरतात. तेही जिवंत आमिष वापरतात. लगूनमधले, म्हणजे बेटालगतच्या उथळ पाण्यातले, छोटे मासे जाळ्याने धरून होडीतल्या वाहत्या पाण्याच्या टाकीत जपतात आणि कुप्प्याचा थवा दिसला की पाण्यात सोडतात. कुप्पा चवताळून वर येतो आणि बिनकाट्याच्या गळाला लागतो. त्या छोट्या माशांना कुणी टोचत नाही, आणि या पद्धतीत भलते मासे मरत नाहीत म्हणून तिला जगभर मान आहे. त्यांच्या पोटावर पाय आणणारा नियम मला नको. माझं भांडण रविवारच्या हौसेशी आहे, जिथे जिवंत प्राण्याच्या अंगातून लोखंड घालून त्याची तडफड वापरली जाते.

ती वापरतात कशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. शिकारी माशाच्या दोन्ही अंगांवर पार्श्वरेषा असते. पाण्यातली बारीकशी थरथर त्याला तिच्यातून कळते. म्हणून आमिषाचा छोटा मासा पाठीच्या पराजवळ टोचतात आणि मणका मुद्दाम वाचवतात. मणका तुटला तर थरथर थांबते. लवकर मरू न देणं हेच इथलं कौशल्य, आणि तेच रविवारी माझ्या मुलाला शिकवलं जात होतं.

"माशाला कुठे दुखतं?" हे मी पन्नास वेळा ऐकलं आहे. 2003 साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी रेनबो ट्राउटचं डोकं तपासलं. त्यात त्यांना इजा ओळखणारे मज्जातंतू सापडले. ओठात मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते, जागच्या जागी डोलत होते, खाण्याकडे कितीतरी उशिरा वळले. काही जण म्हणतात, माशाला आपल्यासारखं मेंदूचं वरचं आवरण नाही, मग वेदना कशी? ते आवरण पक्ष्यांनाही आपल्यासारखं नाही. म्हणून कोंबडीच्या ओठात गळ घालून कुणी तिला नाचवून बघेल का? गांडुळाचं काय, असंही मला विचारतात. मी रेघ पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपाशी ओढते. नॉर्वे आणि आयर्लंडमध्ये जिवंत मासा गळाला लावायला बंदी आहे. स्वित्झर्लंडने मोजके अपवाद सोडून ते थांबवलं आहे. तिथली मासेमारी बंद पडलेली नाही.

आणि गरज तरी कुठे आहे? मरळीसाठी रबरी बेडूक मिळतो, पाण्यावर तशीच थरथर करतो, शंभर वेळा वापरता येतो. जिवंत किंवा खरं आमिष मासा खोलवर गिळतो आणि गळ घशात नाहीतर पोटात रुततो. खोट्या आमिषाने तो बहुधा ओठाला लागतो. "आम्ही मासा धरून परत सोडतो" म्हणून छाती पुढे काढणारे हौशी जिवंत आमिष लावतात, तेव्हा सोडलेल्यांपैकी बरेच मासे पुढे मरतात. उरलेलं आमिष जाता जाता तिथेच ओतून देतात. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात, त्याच्याबरोबर त्याचे रोगही. अमेरिकेच्या पश्चिमेकडे आमिष म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅलमँडरच्या पिलांबरोबर विषाणू आणि कातडी खाणारी बुरशी पसरली. त्याच देशात मोठ्या सरोवरांच्या भागात माशांचा रक्तस्रावी रोग पसरला, तेव्हा 2006 मध्ये जिवंत माशांच्या वाहतुकीवर निर्बंध घालावे लागले. आपण 1987 मध्ये बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, कारण शेतातली कीड खाणारा बेडूक संपत चालला होता. परदेशातल्या ताटासाठी जो मारायचा नाही, तो रविवारच्या ट्रॉफीसाठी टोचायचा?

रविवारी मी मोजलं. साठेक माणसं, प्रत्येकाच्या डब्यात चार-पाच बेडूक. अडीचशे धरा, एका सकाळचे.

हाताला पट्टी बांधून त्याच संध्याकाळी मी पोलीस ठाण्यात गेले. "कलम कोणतं?" मी सांगितलं. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960. कलम 2 म्हणतं, प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. कलम 11, पोटकलम 1, खंड एम म्हणतो, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य व्हावं म्हणून अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. अभयारण्यात वाघासाठी आमिष बांधणं त्यात शब्दशः लिहिलं आहे. वाघापुढे बांधलेलं रेडकू आणि मरळीपुढे टांगलेला बेडूक यांत कायद्याच्या दृष्टीने काय फरक आहे? हवालदार चांगला माणूस होता. त्याने पुस्तक काढलं आणि कलम 31 दाखवलं. कलम 11 मधले खंड एल, एन आणि ओ दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना थेट कारवाई करता येते. मधला एम नाही. "ताई, मला काही करता येत नाही." पुढे वाचलं तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आणि कलम 36 प्रमाणे खटला तीन महिन्यांच्या आत भरायचा. त्यातले नऊ दिवस गेले.

नृत्यांगना आणि खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांवरची क्रूरता रोखणारं विधेयक राज्यसभेत मांडलं होतं. सरकार स्वतः कायदा आणेल असं नेहरूंनी आश्वासन दिलं आणि रुक्मिणीदेवींनी ते विधेयक मागे घेतलं. ते आश्वासन 1960 मध्ये पाळलं गेलं. पन्नास रुपयांचा आकडा तेव्हाचाच आहे. 2022 मध्ये तुमच्या मंत्रालयाने दुरुस्तीचा मसुदा काढला, लोकांच्या सूचना मागवल्या. मी हाताने लिहून दोन पानं पाठवली. पोचही आली नाही. पोर्टलवर केलेली तक्रार "निकाली" म्हणून बंद झाली. कुणी निकाल लावला, कसला लावला? राज्याचं कार्यालय म्हणतं, क्रूरतेचा कायदा केंद्राचा. केंद्राच्या दूरध्वनीवरची व्यक्ती म्हणाली, मासेमारी राज्याचा विषय. मासेमारी राज्यसूचीत आहे, मान्य. पण प्राण्यांवरची क्रूरता रोखणं समवर्ती सूचीत सतराव्या क्रमांकावर आहे, तुमच्याही हातात आहे. या देशात नागरिकाने संविधानाची सातवी अनुसूची पाठ केल्याशिवाय त्याची तक्रार कुणी घ्यायचीच नाही का? रस्त्यासाठी गेलं तरी हेच, रेशनसाठी गेलं तरी हेच, सासूच्या पेन्शनसाठी मी दोन वर्षं हेच ऐकलं. प्रत्येक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं आणि माणूस मध्ये लोंबकळत राहतो.

तुमच्या बाबतीत तर दुसरं टेबलच नाही. 2019 पासून मासेमारीही तुमच्या मंत्रालयात आणि हा कायदाही तुमच्याच मंत्रालयात. कलम 38 खाली नियम करायचा अधिकार केंद्राला आहे, त्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. हौशी मासेमारीत आणि स्पर्धांमध्ये पाठीचा कणा असलेला जिवंत प्राणी गळाला लावू नये, एवढा एक नियम करा. राज्यांना परवान्यात ती अट घालायला लिहा. खंड एम दखलपात्र करा. आणि तो पन्नास रुपयांचा आकडा बदला.

माझ्या मुलाने आजोबांची काठी माळ्यावर ठेवली आहे. मी काढ म्हटलं नाही.

टाके परवा निघतील. डॉक्टरांनी कापून काढलेला गळ आणि गेल्या वर्षीचं शिक्क्याचं पत्र मी एका डबीत ठेवलं आहे. तीन महिने संपायच्या आत कुणी चौकशीला आलं तर दोन्ही दाखवीन.

आपली,
शिवणकाम करणारी एक नागरिक