आबांबद्दल, तुला

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी स्मरणसभेत नातवंडांतर्फे तू बोलणार आहेस. "आबांबद्दल खरं काहीतरी सांग," असं तू फोनवर म्हणालीस, पण बोलताना माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहितेय. ते देवमाणूस होते, हे सभेत सगळेच म्हणतील. तू त्यांच्या दवाखान्याबद्दल बोल.

थोडी पार्श्वभूमी तुला हवीच. 1965 पर्यंत अख्ख्या भारताला अमेरिकेचा कोटा वर्षाला जेमतेम 100 माणसांचा होता. त्या वर्षी कायदा बदलला, डॉक्टरांसाठी दार उघडलं, आणि 1969 च्या जूनमध्ये आबा न्यूयॉर्कला उतरले. जवळ ग्रँट मेडिकलची पदवी, ईसीएफएमजीची, म्हणजे बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांना अमेरिकेत काम करण्यासाठी द्यावी लागणारी, परीक्षा पास झाल्याचा कागद आणि त्या काळी सोबत नेता यायचे तेवढे आठ डॉलर. इंटर्नशिप मिळाली ती इथल्या मुलांना नको असलेल्या एका हॉस्पिटलात. दर तिसरी रात्र जागायची. पहिल्या पगारापासून घरी पैसे जायला लागले. माझ्या दोन्ही आत्यांची लग्नं आणि काकांचं शिक्षण त्यातूनच झालं. माझे आजोबा, म्हणजे आबांचे वडील, गेल्याची तार आली तेव्हा आबा ड्यूटीवर होते. त्यांना जाता आलं नाही. त्याबद्दल ते पुढे कधीच बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

1973 साली ते वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या पट्ट्यात आले. तिथे यायला डॉक्टर तयार नसायचे. खाणीत वर्षानुवर्षं धूळ ओढून फुप्फुसं कडक होतात, त्याला तिथे ब्लॅक लंग म्हणतात. त्यावर औषध नाही. 1969 च्या फेब्रुवारीत त्या राज्यातले हजारो खाणकामगार याच आजाराच्या भरपाईसाठी संपावर गेले. डॉ. डोनाल्ड रासमुसेन यांच्यासारखे डॉक्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले. वर्ष संपता संपता केंद्राचा कायदा आला. धुळीवर मर्यादा आली, भरपाईचा हक्क मिळाला. पण हक्क कागदावर असणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. माणसाला दम लागतोय हे सिद्ध करावं लागे, आणि कंपनीच्या बाजूचे डॉक्टर "सिगारेटमुळे आहे" असं लिहून मोकळे व्हायचे.

आबांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि त्यांची खुर्ची खिडकीशी. मी लहानपणी शाळेतून थेट तिथे जायची, म्हणून मला हे पाठ आहे. खाली पार्किंगमध्ये गाडी थांबली की ते हातातलं काम ठेवून बघत बसायचे. माणूस गाडीतून उतरल्यावर किती वेळ दाराला धरून उभा राहतो, जिना चढताना कुठल्या पायरीवर टेकतो, बायको त्याच्यासाठी थांबते की पुढे जाते. मग तो आत आला की एक्स-रे, फुंकर मारायची चाचणी, सगळं रीतसर व्हायचं. पण अहवालात पहिलं वाक्य त्या जिन्याचं असायचं. सुनावणीला वकील त्यावरून त्यांना छेडायचे. आबा शांतपणे म्हणायचे, "मी पाहिलंय ते लिहिलंय."

तू विचारलंस की डॉक्टर असून ते इतके देवभोळे कसे. देवभोळे हा शब्द मला पटत नाही, सई. पेशंट बरा व्हावा म्हणून त्यांना नवस बोलताना मी कधी पाहिलं नाही. पहाटे दवाखान्याकडे जाताना गाडीत त्यांचा हरिपाठ चालायचा. काचा बंद, बाहेर बर्फ. त्यातून त्यांना काय मिळायचं ते मला दिसायचं: ज्या माणसाला आपण बरं करू शकत नाही त्याच्याजवळ ते घाई न करता बसू शकायचे. बाकीच्या डॉक्टरांना तेच जमत नसे, कारण हातात देण्यासारखं काही नसलं की माणूस घड्याळ बघायला लागतो. एकादशीला कॅन्टीनमधला उकडलेला बटाटा आणि शेंगदाणे. ऑपरेशन थिएटरला जाताना तुळशीची माळ काढून खिशात, बाहेर आले की पुन्हा गळ्यात. कुणाला काही समजावत बसायचे नाहीत.

नागरिकत्व मिळाल्यावर त्यांनी माझ्या आजीला आणलं. तिची तुळस थंडीभर बादलीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची. आणि सणावाराला चार तास गाडी हाकत आम्ही पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वराच्या देवळात जायचो. विठोबा तिथे नव्हता, पण आबांना त्याने काही फरक पडायचा नाही. परतताना ते हटकून एखाद्या पेशंटच्या घराशी थांबायचे. आम्ही मुलं मागच्या सीटवर कंटाळायचो, आई देवळातला प्रसाद घेऊन आत जायची, आणि त्या घरातली बाई तो दोन्ही हातांत घ्यायची.

रविवारी त्या घरांतले लोकही येणार आहेत, म्हणून मराठीत बोललीस तरी नंतर इंग्रजीत सगळं पुन्हा सांग, त्यांना कळलं पाहिजे. त्यांच्यापैकी कुणाला बोलायचं असेल तर तुझ्या वेळातला वेळ दे. भजन साडेदहाला सुरू होईल. टाळ माझ्या गाडीच्या डिकीत आहेत, आल्या आल्या काढून घे.

तुझी,
आई