संशोधनालाही हंगाम असतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीची (फेलोशिपची) चर्चा निघाली की दोनच प्रश्न विचारले जातात : किती जणांना देणार आणि किती रुपये देणार. पैसे केव्हा देणार, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ग्रामीण भागातल्या एका संलग्न महाविद्यालयात मी बावीस वर्षे समाजशास्त्र शिकवतो आहे आणि त्यातली दहा वर्षे पीएच.डी.चा मार्गदर्शक म्हणून काम केले आहे. या काळात रक्कम कमी पडली म्हणून अडलेले संशोधन मी थोडे पाहिले. वेळेवर पैसे न आल्याने अडलेले कितीतरी अधिक पाहिले. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

माझी एक विद्यार्थिनी ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्यावर काम करते. हा विषय ग्रंथालयात बसून होत नाही. बीड, धाराशिव, जालना या भागांतल्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गाळप संपले की मार्च-एप्रिलमध्ये परततात. तिला ज्या स्त्रियांशी बोलायचे होते त्या याच पाच महिन्यांत उसाच्या फडात आणि कोपींमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांमध्ये) भेटणार होत्या. तिची अधिछात्रवृत्तीसाठी निवड ऑगस्टमध्ये झाली, तेव्हा आम्ही दोघांनी चार साखर कारखान्यांच्या परिसरांत जाण्याचे वेळापत्रक आखले. पहिला हप्ता तिच्या खात्यावर जमा झाला तो पुढच्या मे महिन्यात. तोवर फड रिकामे झाले होते. नातेवाइकांकडून हातउसने घेतलेल्या पैशांवर तिने एका कारखान्याच्या परिसरात सोळा दिवस काढले. उरलेल्या तीन ठिकाणांसाठी तिला पुढच्या दसऱ्याची वाट पाहावी लागली.

ऊसतोडीच्या टोळीला मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) देतो. ती उचल किती जाचक ठरते, हाच या मुलीच्या प्रबंधाचा एक भाग आहे. परंतु कोयता हातात घेण्याआधी माणसाच्या गाठीला पैसा असावा लागतो, एवढे मुकादमालाही कळते. आपल्या निधी देणाऱ्या यंत्रणा मात्र आधी काम, मग कामाचा अहवाल, मग त्या अहवालाची छाननी आणि त्यानंतर पैसे, अशा उलट्या क्रमाने चालतात.

या विलंबामागे कोणाचा दुष्टावा आहे असे मला वाटत नाही. कागदाचा प्रवासच तसा आहे. निवडीनंतर मूळ कागदपत्रांची पडताळणी होते, मुद्रांकावर हमीपत्र द्यावे लागते, संशोधन केंद्राकडून हजेरीचा दाखला आणि सहामाही प्रगती अहवाल आणावा लागतो. त्या अहवालावर मार्गदर्शक, केंद्रप्रमुख आणि प्राचार्य अशा तिघांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक जरी रजेवर असला की फाइल पंधरा दिवस टेबलावर राहते (मीही एकदा असा रजेवर होतो, हे कबूल करतो). एवढे होऊन प्रस्ताव वर गेला की तरतूद वितरित झाली आहे का, हा प्रश्न उभा राहतो. मग मार्चअखेर जवळ आली की आठ-दहा महिन्यांची रक्कम एकदम जमा होते आणि त्याच पंधरवड्यात आकस्मिक खर्चाची बिले मागितली जातात. वर्षभर पुस्तके, झेरॉक्स आणि एसटीच्या तिकिटांवर खिशातून खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याने त्या सगळ्याच्या पावत्या जपून ठेवल्या असतील, असे गृहीत धरलेले असते. वडाप, म्हणजे सामायिक जीप चालवणारा पावती देत नाही, हे नियम करणाऱ्याला कोणी सांगितलेले दिसत नाही.

याहून बरी पद्धत आपल्याकडे आधीपासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीत (जेआरएफ) दर महिन्याला संस्थेने बँकेच्या पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंद करायची आणि दुसऱ्या अधिकाऱ्याने ती तपासून कायम करायची, म्हणजे रक्कम थेट खात्यात जाते, अशी व्यवस्था आहे. १ जानेवारी २०२३ पासून ही रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये झाली. तिच्यातही त्रुटी आहेत. संस्थेतला कारकून महिन्याची नोंद विसरला तर भुर्दंड विद्यार्थ्यालाच बसतो. तरीही महिना हे एकक तिथे मान्य झालेले आहे, आणि घरभाडे व खानावळ ही दोन्ही बिले महिन्यानेच येतात.

राज्याच्या संस्थांविषयी लिहिताना हात थोडा आखडतो, कारण त्यांनी केलेले काम मोठे आहे. अनुसूचित जातींसाठीची पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी २०१८ मध्ये स्थापन झालेली सारथी, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठीची २०१९ मधली नागपूरची महाज्योती आणि आदिवासी संशोधन संस्था यांच्या अधिछात्रवृत्तींमुळे ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधरही नव्हते अशी मुले-मुली आज प्रबंध लिहीत आहेत. म्हणूनच निवडीतला गोंधळ मनाला अधिक लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्यासाठी घेतलेल्या चाळणी परीक्षेत जुन्या सेट (राज्यस्तरीय प्राध्यापक पात्रता) परीक्षेचीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली गेल्याचे उघड झाले, जानेवारीत फेरपरीक्षा घ्यावी लागली, तिच्यावरही आक्षेप आले आणि विद्यार्थी ग्रंथालय सोडून आझाद मैदानात बसले. पीएच.डी. करून ही मुले काय करणार, असा सवालही त्याच सुमारास विधिमंडळाच्या सभागृहात ऐकू आला. त्याचे उत्तर देण्याची ही जागा नव्हे. मात्र अधिछात्रवृत्तीसाठी आंदोलनात गेलेले महिने प्रबंधातून वजा होतात, हे प्रश्न विचारणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे.

इथे एक बारकावा सांगतो, जो बातम्यांतून सुटतो. आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. नोंदणीच्या दिवसापासून ही वर्षे मोजली जातात. अधिछात्रवृत्तीची जाहिरात, परीक्षा, छाननी आणि निवड यांत दीड वर्ष गेले तर ते दीड वर्ष मुदतीतून कापले जाते, परंतु त्या काळाचा पैसा मिळेलच असे नाही. नोंदणीच्या दिनांकापासून अधिछात्रवृत्ती द्या, ही विद्यार्थ्यांची जुनी मागणी हट्टाची वाटते ती या हिशोबाकडे न पाहिल्यामुळे. राज्य विद्यापीठांत नेट-जेआरएफ नसलेल्या आणि वरीलपैकी कोणत्याही संस्थेच्या कक्षेत न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तर काहीच येत नाही. केंद्रीय विद्यापीठांतल्या अशाच विद्यार्थ्याला निदान महिना ८,००० रुपये मिळत आले आहेत. ती रक्कम बंद करण्याच्या निर्णयावरून २०१५ मध्ये दिल्लीत केवढे आंदोलन झाले होते, हे वाचकांना आठवत असेल.

शिक्षकांची गोष्ट याच माळेतली आहे. आयोगाची लघु संशोधन प्रकल्प योजना चालू होती, तेव्हा पुण्याच्या पश्चिम विभागीय कार्यालयाकडे प्रस्ताव पाठवून मलाही एकदा दीड लाखाचा प्रकल्प मिळाला होता. त्या दीड लाखात एक व्हॉइस रेकॉर्डर, दोन उन्हाळ्यांचा प्रवास, एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचे मानधन आणि माझे तीन निबंध निघाले. त्या योजनेतले बरेच प्रकल्प बदली-बढतीच्या गुणांसाठी उरकलेले होते, अशी टीका झाली आणि ती खोटी नव्हती. तरीही बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर ही वाट बुजली, तेव्हा तालुक्याच्या गावी बसून काही करू पाहणाऱ्या शिक्षकाचा आधारही गेला. काही विद्यापीठे स्वनिधीतून लहान अनुदाने देतात आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे अर्ज करता येतो. पण तिथे देशभरातल्या नामांकित संस्थांशी स्पर्धा असते.

आता मोठे आकडे ऐकू येतात. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट सांगितले गेले, ज्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांवर रेंगाळणारा आपला संशोधनखर्च वाढावा, यात दुमत नाही. मात्र मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे या प्रतिष्ठानाच्या कक्षेत येतात ती विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे त्यांचा संबंध येतो तेवढ्यापुरतीच. खानदेशातल्या अहिराणी किंवा पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतल्या लग्नगीतांचे संकलन करणाऱ्या शिक्षकाने त्यात कुठे बसायचे? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर आपण पेढे वाटले. त्या बोलींच्या ध्वनिमुद्रणासाठी गावोगाव फिरणाऱ्याला प्रवासखर्च कोणत्या लेखाशीर्षातून मिळेल, हे अजून माझ्या पाहण्यात आलेले नाही.

माझी सूचना साधी आहे आणि तिला फार नवा पैसा लागत नाही. राज्याच्या चारही संस्थांनी अधिछात्रवृत्तीचे एकच वार्षिक वेळापत्रक आधी जाहीर करावे, ज्यात जाहिरात जानेवारीत आणि अंतिम निवड जूनपूर्वी होईल, म्हणजे विद्यार्थ्याला सप्टेंबरपर्यंत पहिला हप्ता मिळेल. निवडीच्या वेळीच तीन महिन्यांची रक्कम अग्रिम द्यावी आणि ती अखेरच्या हप्त्यातून वळती करावी. पुढची रक्कम दरमहा द्यावी व प्रगती अहवालास उशीर झाल्यास एक स्मरणपत्र पाठवून मगच ती थांबवावी. क्षेत्रकार्यातल्या लहान खर्चासाठी पावतीऐवजी मार्गदर्शकाने प्रमाणित केलेली नोंदवही ग्राह्य धरावी. गैरवापर झाल्यास मार्गदर्शकाला जबाबदार धरावे, माझी त्याला तयारी आहे. आणि दर विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी लाख-दीड लाखाचे थोडेच, पण नीट तपासून दिलेले प्रकल्प पुन्हा सुरू करावेत.

वर उल्लेख केलेल्या विद्यार्थिनीच्या नोंदणीला आता चौथे वर्ष लागले आहे. येत्या दसऱ्यानंतर तिला उरलेल्या एका कारखान्याच्या परिसरात जायचे आहे आणि मागच्या सहामाहीचा हप्ता अजून आलेला नाही.

आपला विश्वासू,
एक संशोधन मार्गदर्शक
(नाव व पत्ता संपादकांकडे)