कुंपणावरच्या दिव्याने दाखवलेली भेसळ : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

विषय : दिवसनिरपेक्ष हेम्प वाणांच्या बियाण्याचे प्रमाणीकरण

मी हेम्पचे, म्हणजे औद्योगिक उपयोगाच्या भांगेचे, बियाणे तयार करणारा शेतकरी आहे. गेल्या हंगामात मी ‘ऑटोफ्लॉवर’, म्हणजेच दिवसनिरपेक्ष, म्हणून प्रमाणित झालेल्या एका वाणाचे बियाणे विकत घेऊन पेरले. दिवस मोठा असो की लहान, उगवणीनंतर ठरावीक दिवसांनी झाड आपसूक फुलावर येणे, हा त्या वाणाचा गुण सांगितला जातो. पेरणी उशिरा झाली होती आणि दिवस आखूड होत चालले होते. सहाव्या आठवड्यात सगळे शेत फुलावर आले. निरीक्षकांनी येऊन पाहणी केली आणि शेत एकसारखे असल्याचा शेरा लिहिला.

शेताच्या एका कडेला कुंपणावर रात्रभर जळणारा दिवा आहे. त्याच्या उजेडात येणाऱ्या ओळींत मी एका संध्याकाळी वाकून झाडे मोजली. एकेचाळीस झाडांपैकी पस्तीस झाडांच्या शेंड्याशी पांढऱ्या केसांसारख्या स्त्रीकेसरांचे झुपके होते किंवा नरफुलांचे घोस लोंबत होते. उरलेल्या सहा झाडांवर फुलाचा मागमूस नव्हता. ती गुडघाभर अधिक उंच, गर्द हिरवी आणि अजून पानेच काढत होती. मी हे निरीक्षकांना सांगितले तेव्हा उत्तर मिळाले की दिव्याजवळची परिस्थिती नैसर्गिक नसल्याने तेथील झाडे नमुन्यात धरता येत नाहीत. नियमाप्रमाणे ते चुकले नाहीत. चूक नियमात आहे, आणि ती कशी आहे हे आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

भांग ही मुळात लघुदिनी वनस्पती आहे. तिला फुलण्याची आज्ञा रात्रीची लांबी देते. रात्र पुरेशी लांब होईपर्यंत झाड उंची आणि पाने वाढवत राहते, आणि मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी ती लांब रात्र झाडाच्या लेखी तुटते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध विज्ञानाला कळला त्यात याच पिकाचा मोठा वाटा आहे. फ्रान्समधील ज्यूलियाँ तूर्न्वा यांनी १९१२ मध्ये हॉप (भांगेच्याच कुळातील वेल) आणि भांग या दोन वनस्पतींवर प्रयोग करून लहान दिवसांत फुलणे लवकर होते हे दाखवले. गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरील कामातून या घटनेला दीप्तिकालिता हे नाव दिले ते त्यानंतर आठ वर्षांनी, १९२० मध्ये. तूर्न्वा पहिल्या महायुद्धात १९१४ साली मारले गेले आणि त्यांचे नाव मागे पडले. कुंपणावरच्या दिव्याखाली मी जे पाहिले ते त्यांना पहिल्या दृष्टिक्षेपात उमगले असते.

उत्तरेकडील थंड प्रदेशात मात्र ही आज्ञा पाळणे भांगेला परवडत नाही. तेथे उन्हाळ्याचे दिवस अठरा-एकोणीस तासांचे असतात आणि रात्र लांब होईपर्यंत हिवाळा दारात येतो. वाट पाहणारे झाड बी धरण्याआधीच थंडीने मरते. अशा ठिकाणी दिवसाच्या लांबीकडे न पाहता फुलणारी झाडे तगली. यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये व्होल्गाकाठच्या रानटी भांगेचे ‘रुडेरालिस’ या नावाने वर्णन केले, आणि पुढे पैदासकारांनी हा गुण बहुतांशी अशाच बुटक्या, लवकर फुलणाऱ्या झाडांतून उचलला. फिनलंडमध्ये तयार झालेला ‘फिनोला’ हा तेलबियांचा वाण याच उत्तरेकडील वंशाचा आहे.

आता मुद्द्याचा भाग. दिवसनिरपेक्ष वाण साध्या, म्हणजे लांब रात्रीची वाट पाहणाऱ्या, वाणाशी संकरित केला तर पहिल्या पिढीतील झाडे सामान्यतः दिवसाच्या लांबीवरच अवलंबून राहतात; त्यांच्या पुढच्या पिढीत सुमारे चारात एक झाड पुन्हा दिवसनिरपेक्ष निघते. म्हणजे हा गुण अप्रभावी आहे; दोन्ही पालकांकडून मिळाल्याशिवाय तो दिसत नाही. पैदासकाराच्या दृष्टीने ही चांगलीच सोय आहे, कारण लांब दिवसांत जे झाड फुलते ते त्या गुणापुरते शुद्धच असते, आणि अशी दोन झाडे एकमेकांशी फळवली की संततीत तो गुण पक्का होतो. बीजोत्पादकाच्या दृष्टीने तोच गुण फार नाजूक आहे. भांगेचे परागण वाऱ्याने होते आणि पराग कित्येक किलोमीटर जातात. शेजारच्या शिवारातील साध्या नर झाडाचा पराग एखाद्या मादीवर पडला की त्यातून आलेले प्रत्येक बी बाहेरून तंतोतंत तसेच दिसते, तेवढेच उगवते, पण दिवसनिरपेक्ष राहत नाही.

आणि ही भेसळ लहान दिवसांच्या हंगामात दिसतच नाही. दिवस आखूड असले की साधे झाडही फुलते, संकरित झाडही फुलते आणि शुद्ध झाडही फुलते. निरीक्षकाला सगळे शेत एकसारखे दिसते, कारण त्या दिवसांत ते खरोखरच एकसारखे असते. माझ्या शेतात दिव्याने रात्र तोडली म्हणून त्या ओळींपुरता लांब दिवस निर्माण झाला, आणि जे गुपित उरलेल्या शेताने सांभाळले ते त्या ओळींनी उघड केले. नियमाने मात्र नेमक्या त्याच ओळी नमुन्यातून वगळल्या. हेच बियाणे कुणी लांब दिवसांच्या हंगामात पेरले, तर निम्मेअधिक शेत पिकून बी झडू लागेल तेव्हाही मधूनमधून उंच हिरवी झाडे फुलाविना उभी असतील. कापणी यंत्राने करायची की हाताने, आता करायची की महिनाभर थांबायची, हा पेच मग त्या शेतकऱ्याच्या माथी येईल. बियाण्याच्या पिशवीवरचा शिक्का त्याला तेव्हा काहीच उपयोगाचा नसेल.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य मागणी अशी आहे की, जो वाण दिवसनिरपेक्ष म्हणून नोंदवला गेला आहे, त्याच्या प्रत्येक लॉटमधून, म्हणजे एकत्र तयार झालेल्या साठ्यातून, बियाण्याचा नमुना घेऊन तो अठरा तास उजेड आणि सहा तास अंधार अशा नियंत्रित जागेत उगवावा आणि ठरावीक मुदतीत न फुललेली झाडे मोजावीत. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. दिवे, घड्याळाचे बटण आणि मोजणारा माणूस पुरतो. नमुना मात्र पुरेसा मोठा असावा. लॉटमध्ये शेकडा एक झाड भेसळीचे असेल आणि ते सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३०० झाडे तपासावी लागतात. वीस-पंचवीस झाडे कुंडीत लावून केलेली तपासणी मनाच्या समाधानापुरतीच असते. पायाभूत आणि प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटसाठीचे विलगीकरण अंतरही (दुसऱ्या शेतापासून राखायचे अंतर) साध्या हेम्पच्या शेतांच्या संदर्भात नव्याने ठरवावे, कारण दिवसनिरपेक्ष वाणाला त्याच पिकाचा साधा वाणच सर्वात घातक शेजारी ठरतो.

जनुकचाचणी हा यावरचा सोपा उपाय वाटेल, आणि पुढे तो होईलही. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या गुणाच्या एकाहून अधिक वाटा दाखवल्या आहेत. एका अभ्यासात ‘पीआरआर-३७’ या जनुकातील, त्याच्या संदेशाची (आरएनएची) जोडणी बिघडवणारा बदल दिवसाच्या लांबीची जाणीव नाहीशी करणारा ठरला, तर फिनोलाच्या बाबतीत फुलण्याचा संदेश वाहणाऱ्या ‘एफटी’ प्रकारच्या जनुकाशी संबंध आढळला. एकाच जनुकाची चाचणी सर्व वाणांना लावली तर शुद्ध बियाणे भेसळीचे ठरेल आणि भेसळीचे शुद्ध ठरेल. दिव्याखालची चाचणी कारण विचारत नाही. झाड फुलले की नाही एवढेच पाहते, आणि सध्या आपल्याला तेवढेच हवे आहे.

येथे एका गैरसमजाबद्दल लिहिणे भाग आहे. ऑटोफ्लॉवर म्हणजे नशेचा अंश कमी, असे कार्यालयांतही सर्रास समजले जाते. हे खरे नाही. फुलण्याची वेळ आणि टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचे, प्रमाण हे वेगवेगळे आनुवंशिक गुण आहेत. रुडेरालिसचा गुण गांजाच्या वाणांतही मुद्दाम आणला गेला आहे. त्यामुळे वाणाच्या नावापुढे हा शब्द आहे म्हणून टीएचसीच्या तपासणीत सूट देणे चूक, आणि तोच शब्द आहे म्हणून संशयाने पाहणेही तितकेच चूक.

टीएचसीच्या तपासणीची वेळ हा त्यालाच लागून असलेला प्रश्न आहे. हेम्पसाठीची टीएचसीची ०.३ टक्के ही मर्यादा १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवलेली रेषा होती. तिचा पुढे कायदा झाला, याचा वाद मी येथे काढत नाही. परंतु फूल पक्व होते तसे टीएचसी वाढत जाते. अमेरिकेत २०२१ च्या नियमांनुसार नमुना घेतल्यापासून ३० दिवसांत कापणी करावी लागते. पाच महिन्यांच्या उंच पिकात तीस दिवस ठीक आहेत; अडीच-तीन महिन्यांत संपणाऱ्या वाणात ते आयुष्याचा तिसरा हिस्सा होतात, आणि त्या मुदतीच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी घेतलेले नमुने एकाच झाडाचे आहेत असे प्रयोगशाळेला वाटणारही नाही. नमुना तारखेवर किंवा कापणीच्या अंदाजावर न घेता फुलाच्या अवस्थेवर घ्यावा, आणि ती अवस्था वाणागणिक नोंदवावी, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे.

लवकर फुलणे हेच ध्येय मानून संशोधनाचा सगळा पैसा त्याकडे वळवू नये, ही विनंतीही करतो, जरी मी स्वतः याच वाणांवर पोट भरतो. धाग्याच्या पिकात फुलणे जितके लांबेल तितका देठ उंच वाढतो. तेथे हा गुण तोट्याचा आहे. शिवाय दिवसनिरपेक्ष झाडाचे घड्याळ कुणासाठी थांबत नाही. पहिल्या पंधरा-वीस दिवसांत शेतात पाणी साचले किंवा रोपे पिवळी पडली, तर साधे झाड पुढच्या महिन्यात ती तूट भरून काढते. हे झाड मात्र वीतभर असतानाच फुलावर येऊन मोकळे होते. विषुववृत्ताकडील भागांत तर साधे उत्तरी वाणही लहान दिवसांमुळे नको इतके लवकर फुलतात. तेथे वाढीचा काळ लांबवणारे वाण हवे आहेत, आणि ‘लवकर’ हा शब्द कुठल्या अक्षांशावरचा हे विचारल्याशिवाय अनुदानाच्या अर्जात स्वीकारू नये.

त्या लॉटचे बियाणे मी अद्याप राखून ठेवले आहे. आपल्या खात्याने कोणत्याही प्रयोगशाळेत अठरा तासांच्या उजेडाची सोय केली, तर तीनशे दाणे मोहोरबंद करून मी स्वखर्चाने पाठवीन. निकाल माझ्या म्हणण्याविरुद्ध गेला तरी तो जाहीर करण्यास माझी हरकत नाही.

आपला विश्वासू,
एक हेम्प बीजोत्पादक