पेटी संतोषच्या पडवीत ठेवली, त्याबद्दल

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, संतोषने एव्हाना सांगितलंच असेल. औषधाची पेटी यापुढे आपल्या माजघरात नाही, त्याच्या पडवीत राहील. त्याच्याशी, सुनंदावहिनीशी आणि वरच्या वाडीतल्या पोरांशी माझं बोलणं झालंय, खिळाही ठोकून झालाय. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असतात, आणि आपल्या घरातलं "बघू" किती वर्षं चालतं ते आईला विचारा.

रागावण्याआधी कारणं ऐका. संतोषचं घर रस्त्याला लागून आहे, १०८ ची गाडी थेट त्याच्या दारात उभी राहते. आपल्याकडे यायचं म्हणजे पाखाडी चढायची, आणि जखमी माणसाला झोळीत घालून तीच पाखाडी परत उतरायची. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, घरात दोन तरणी पोरं आहेत. ही सगळी कारणं खरी आहेत, पण मोठं कारण वेगळं आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे. रात्री कोणी हाक मारली की तुम्ही चष्मा न शोधता शेवाळलेल्या जांभ्यावरून खाली धावता. स्टेंट बसल्यापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्या चालू असताना डोकं आपटलं तर बाहेर टेंगूळ न दिसताही आत रक्त साचू शकतं, आणि ते कधीकधी दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून रात्री कोणाला काही झालं तर आधी १०८, मग तुम्हाला फोन, असं ठरलंय. तुम्ही अंथरुणात बसून सांगायचं, पोरांनी करायचं.

तुमचं महत्त्व कमी केलं असं मनात आणू नका. वाडीला तुमचा शब्द लागतोच. पण हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायचं कामच बघा. तळहाताचा मुळाकडचा भाग छातीच्या मधोमध, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत विशीतला पोरगा धापा टाकतो आणि दाब उथळ पडायला लागतात, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. तुमचा गुडघा आणि तुमचं हृदय दोन्ही याला नाही म्हणतात. तुम्ही शेजारी खुर्चीवर बसा आणि मोठ्याने मोजा. मोजणारा लागतोच. माणूस खाटेवर असेल तर आधी जमिनीवर घ्यायला सांगा, गादी दबते आणि छाती दबत नाही. तो मध्येच आचके देत असेल तर "श्वास चाललाय" म्हणून कोणी थांबेल, त्याला थांबू देऊ नका. आचका म्हणजे श्वास नव्हे. बरगडी कट्कन वाजली तरी थांबायचं नाही. पऱ्यात किंवा विहिरीत बुडालेल्याला उलटं धरून गरागरा फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे मात्र एकदाचं बंद करा. पोटातलं ते पाणी वर येऊन फुप्फुसात जातं. बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवायचं.

आता सापाचं. आगोटीची कामं चालू असतील, लाकूडफाटा हलवला जाईल, म्हणून यावर जास्त लिहिते. तुमची दोरी मी पेटीतून काढून टाकली आहे. करकचून बांधलं की हाताकडे किंवा पायाकडे रक्त जात नाही, आणि फुरसं किंवा घोणस चावली असेल तर विष तिथल्या तिथे मांस कुजवतं. दुसऱ्या कोणी आधीच बांधून आणलं असेल तर घाईने सोडूही नका, साचलेलं विष एकदम अंगात जातं. ते दवाखान्यात सोडतील. ब्लेडने चिरणं, चोखणं, कोंबडी लावणं, मिरची चारून चव विचारणं, यातलं काही नाही. त्या माणसाला आडवं करा, चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळी लावून स्थिर करा. अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच उतरवा, सूज चढल्यावर ती कापावी लागतात. चावल्याची वेळ कागदावर लिहून कागद त्याच्या खिशात ठेवा. साप शोधायला चार जणांनी काठ्या घेऊन जायचं कारण नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष आहे, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, आणि साप धरायला गेलेला दुसरा माणूस चावून घेतो.

मण्यारीचं वेगळं सांगायला हवं. ती रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते, दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे माणूस पोट दुखतं म्हणतो, कोणी ओवा देतं, आणि थोड्या वेळाने पापण्या मिटायला लागतात, थुंकी गिळता येत नाही. पावसाळ्यात सकाळी कोणी असं सांगत आलं तर ओवा नाही, १०८. म्हणूनच बाबा, गारवा मिळतो म्हणून तुम्ही पडवीत चटईवर निजता ते बंद. खाट टाकायची, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची. नवी मच्छरदाणी पार्सलात आहे, जुनीसारखी अंगाला चिकटत नाही, वारा लागतो.

तांबड्या विंचवाला मात्र हलकं घेऊ नका. नुसतं दुखत असेल तर बर्फ लावून बसता येतं. पण घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर विष हृदयावर चढलंय असं समजायचं, आणि मुलांच्या बाबतीत वाट बघायचीच नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच विंचवावर प्राझोसिनची गोळी लागू पडते हे दाखवून दिलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी आपण आपल्या मनाने द्यायची नाही, पण ती वेळेत मिळाली तर फार फरक पडतो एवढं वाडीला सांगा, म्हणजे कोणी रात्रभर मंत्र घालत बसणार नाही.

आई, आता तुझं. भाजल्यावर तूप, हळद, टूथपेस्ट, काही म्हणजे काही नाही. तूप उष्णता आत कोंडतं, आणि हळदीखाली किती खोल भाजलंय ते डॉक्टरला दिसत नाही, मग ती खरवडून काढावी लागते. ते पोळलेल्या माणसालाच भोगायचं असतं. आधी बांगड्या आणि अंगठी काढ, मग वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. दोन मिनिटांत बरं वाटतं म्हणून सगळे हात काढून घेतात. वरची आग शमते, आत ताप उरतो. मे महिन्यात टाकीचं पाणीच कढत येतं, तेव्हा विहिरीचं पाणी तांब्याने ओत. बर्फ नको, त्याने कातडी आणखी मरते. फोड फोडायचा नाही. नंतर धुतलेलं मऊ सुती कापड सैल झाकायचं, कापूस नाही, त्याचे तंतू चिकटतात. आणि मोदकपात्राचं झाकण स्वतःकडे नाही, पलीकडच्या बाजूने उचलायचं. वाफेने भाजलेलं दिसतं लहान आणि असतं खोल.

कोयत्याच्या जखमेलाही हळद, चुना, तंबाखू नको. स्वच्छ फडकं घडी करून जखमेवर ठेवायचं, तळहाताने दाबायचं, आणि घड्याळ बघून १० मिनिटं सोडायचं नाही. सगळे चुकतात ते इथेच: थांबलं का म्हणून दर मिनिटाला फडकं उचलून बघतात, आणि धरलेली खपली दर वेळी निघते. रक्त वर आलं तर त्याच फडक्यावर दुसरं ठेवायचं. काही रुतलेलं असेल तर उपटायचं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना दाबायचं. बोट तुटून पडलं तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या दुसऱ्या पिशवीत. बोट थेट बर्फावर ठेवलं तर मग ते जोडता येत नाही. बाबा, तुमचं स्वतःचं बोट कापलं तर त्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे फडकं १० च्या जागी २० मिनिटं धरा. दाढी करताना कापलं तरी आईला सांगायचं, लपवायचं नाही.

पेटीतून मी लाल औषध, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कापसाचा गुंडा काढलाय. डेटॉल आहे, पण ते पाणी न घालता जखमेवर ओतायचं नाही. जखम धुवायला नळाचं भरपूर पाणी आणि साबण यांच्यापुढे बाटलीतलं काही नाही. माझ्या सगळ्या ढोपरांवर लाल औषधच लागलंय, आणि तुम्ही त्यावर फुंकर घालत होतात म्हणून ते झोंबत नव्हतं. आज शास्त्र सांगतं की फुंकरीने तोंडातले जंतू जखमेवर जातात. फुंकर तेवढी मी पेटीतून काढू शकत नाही, पण निदान लांबून घाला.

आता पेटीत काय आहे: निर्जंतुक गॉजची पाकिटं, १० सेंटिमीटरची क्रेप बँडेजं, दोन त्रिकोणी पट्ट्या, हातमोजे, बोथट टोकाची कात्री, पोव्हिडोन आयोडीन, ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच, सगळंच्या सगळं. पेलाभर पाण्यात अर्धं टाकलं तर मीठ जास्त होतं आणि पोराचे जुलाब वाढतात. सहा महिन्यांनी तारखा बघायचं काम सुनंदावहिनीने अंगावर घेतलंय.

कुत्रा चावला तर साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ दिवसांनी असतात. तिसरं झालं की लोक येणं बंद करतात, त्यांच्या मागे लागा. जखम खोल असेल तर तिच्या भोवतीही एक इंजेक्शन लागतं, ते मागून घ्यायचं. फिट आली तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा काही नको. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा, झटके थांबले की कुशीवर वळवा. ५ मिनिटांवर गेलं तर गाडी बोलवा. घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं चिमटीत धरायचा.

भाऊकाकांना साखर कमी होऊन घाम सुटतो तेव्हा तुम्ही त्यांना पेढा देता. पेढ्यातल्या तुपाने साखर रक्तात उशिरा चढते. तीन चमचे साखर अर्धा कप पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं वाटल्यावर पोळी किंवा भाकरी. ते बेशुद्ध असतील तर तोंडात थेंबही घालायचा नाही. आणि ते नुसत्या गोळ्या घेत असले तरी दवाखान्यात न्या, काही गोळ्यांनी साखर तासाभराने पुन्हा खाली येते.

एक गोष्ट कडक शब्दांत लिहिते, रागावू नका. तुमच्या खिशातली हृदयाची गोळी, सॉर्बिट्रेट, दुसऱ्या कोणाच्या जिभेखाली ठेवायची नाही. छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला ती चालत नाही. रक्तदाब आधीच खाली आलेला असेल तर तिने आणखी कोसळतो. तुम्हाला ती तुमच्या डॉक्टरांनी दिली, तुमचे कागद बघून.

हायवेच्या वळणावर अपघात झाला की लोक लांबून बघतात, पोलिसांचं लचांड नको म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, आणि मग २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने, मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. हे तुम्ही देवळात सांगितलंत तर लोक ऐकतील. माझं ऐकणार नाहीत, मी त्यांच्यासाठी अजून नमूच आहे. फक्त मान जपायला सांगा: माणूस शुद्धीत असेल तर उचलून रिक्षात मुडपून घालायचं नाही, गाडी येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी जसं आहे तसं धरून बसायचं.

आणि शेवटी तुमच्या दोघांचं. मोठ्या आकड्यांचा फोन पार्सलात आहे, १ दाबला की संतोष, २ दाबला की मी, रात्री तीनलाही. टॉर्च आहे, आईसाठी न घसरणाऱ्या सपाता आहेत, न्हाणीत धरायला दांडी बसवायला माणूस येईल, त्याला "पुढच्या आठवड्यात ये" सांगून परत पाठवायचं नाही. बाबा, छातीत दुखलं, डावा हात भरून आला, कारण नसताना घाम सुटला, तर आपली गोळी घ्यायची, आडवं न होता टेकून बसायचं आणि आईने १०८ लावायचा. गॅस आहे म्हणून सोडा प्यायचा नाही. संतोषच्या मोटरसायकलवर मागे बसून दवाखान्यात जायचं नाही, त्यानेही न्यायचं नाही, मी त्याला सांगितलंय. आई, बाबांचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसलं किंवा बोलणं जड झालं तर झोपवून ठेवू नकोस, वेळ लिही आणि गाडी बोलव. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.

तुमची,
नमू