पकडला गेला तो बाद, सुटला तो श्रेष्ठ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत उत्तेजकांच्या काळातील सायकलपटूंची क्रमवारी वाचली. क्रिकेटमधून सवड काढून फ्रान्सची टूर डी फ्रान्स, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्टा या सायकलच्या तीन मोठ्या शर्यतींना अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आधी आभार मानतो. आता तक्रार.

लेखकाने नियम सोपा ठेवला आहे. ज्यांची विजेतेपदे काढून घेतली गेली ती मोजायची नाहीत, बाकीची मोजायची आणि बेरीज मोठी तो वर. दिसायला न्याय्य वाटतो. पण याच नियमाने डेन्मार्कचा ब्यार्न रीस यादीत आला. १९९६ ची टूर जिंकताना आपण ईपीओ, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे इंजेक्शन, घेत होतो, हे या गृहस्थाने २००७ साली पत्रकारांसमोर कबूल केले. विजेत्याची पिवळी जर्सी घरी गॅरेजमध्ये खोक्यात पडली आहे, हवी तर घेऊन जा, असेही वर सांगितले. कारवाईची मुदत उलटून गेली होती, म्हणून विजेतेपद त्याच्याच नावावर राहिले. स्पेनच्या रोबेर्तो एरासचे उदाहरण याहून गमतीचे आहे. २००५ च्या व्हुएल्टात तो ईपीओत सापडला, विजेतेपद गेले. मग तो कोर्टात गेला आणि चाचणीच्या प्रक्रियेतील त्रुटींवर बोट ठेवून २०१२ साली ते परतही मिळवले. त्यामुळे तुमच्या यादीत तो चार व्हुएल्टांसह दिमाखात बसला आहे. म्हणजे ही क्रमवारी सायकलस्वारांची की त्यांच्या वकिलांची?

याच्या उलट बाजूचा युक्तिवादही मला पटत नाही. ‘सगळेच घेत होते, म्हणजे सगळे सारखेच झाले’ असे आमच्या सायकल ग्रुपमधली तरुण मुले सर्रास म्हणतात. ईपीओ काय असते हे मी घरात पाहिले आहे. माझी थोरली बहीण डायलिसिसवर होती. तिचे हिमोग्लोबिन सातावर आले की हे इंजेक्शन लिहून दिले जाई. औषधाच्या दुकानातून ते बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायचे आणि फ्रिजमध्ये ठेवायचे. तीन-चार आठवड्यांत जिना चढताना तिला मध्ये बसावे लागत नसे. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचे हे औषध निरोगी माणसाने घाटात वापरले की काय होत असेल, याचा अंदाज मला त्या जिन्यावर आला.

१९९७ साली आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने हेमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा ५० टक्के ठरवली. ईपीओ ओळखणारी चाचणी तेव्हा नव्हतीच, म्हणून ही रेघ. आता ज्याचे प्रमाण जन्मतःच ४८ आहे त्याला चोरून फक्त दोन अंश वर जाता येते. ज्याचे ४१ आहे त्याला नऊ. औषध एकच, फायदा मात्र ज्याच्या त्याच्या रक्ताप्रमाणे, आणि हाताशी कोणता डॉक्टर आहे त्याप्रमाणे. मग मैदान सारखे कुठून झाले? ज्याने काहीच घेतले नाही तो बिचारा तर तुमच्या आणि त्या मुलांच्या, दोन्ही हिशेबांत नाही.

मग क्रमवारी लावायचीच नाही का? लावावी. मी स्वतः १९९७ पासून वहीत लावत आलो आहे. त्या वर्षी कंपनीने मला दीड वर्षासाठी स्टुटगार्टला पाठवले आणि तिथे सायकल हा खेळ आहे हे मला प्रथमच कळले. तोवर सायकल म्हणजे पुण्यात दूधवाल्याची, पोस्टमनची आणि कॉलेजात जायची. रोस्टोकच्या यान उलरिशने त्या जुलैत ९ मिनिटे ९ सेकंदांच्या फरकाने टूर जिंकली आणि जर्मन माणसे चक्क कामाच्या वेळेत कँटीनमधल्या टीव्हीसमोर उभी राहू लागली. पुढच्या वर्षी, २७ जुलै १९९८, सोमवार होता. टूरच्या वाटेवर, आल्प्समधल्या गालिबिए घाटात पाऊस आणि कडाक्याची थंडी. इटलीचा मार्को पंतानी हँडलच्या खालच्या दांड्या धरून, सीटवरून उठून निघून गेला, तो पुन्हा कोणाला दिसलाच नाही. त्या दिवसाच्या अंतिम रेषेवर उलरिश पोचला तेव्हा जवळपास नऊ मिनिटे मागे होता. चेहरा सुजल्यासारखा, डोळे अर्धे मिटलेले. आमचा फोरमन हातातला कॉफीचा कप न पिताच ठेवून निघून गेला. मी मात्र मनातून खूश होतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला आपण ‘घाटांचा राजा’ म्हणतो, तो हाच असे वाटले होते.

१९९८ च्या टूरमधले साठवलेले नमुने पुढे पुन्हा तपासले गेले. फ्रेंच सिनेटच्या २०१३ च्या अहवालात त्या दोघांच्याही नमुन्यांत ईपीओ निघाले. तरी तो सोमवार मी वहीतून खोडलेला नाही. शेजारी लाल शाईने एक फुली मारली आहे, एवढेच.

माझ्या वहीत पहिला स्पेनचा मिगेल इंदुराइन. १९९१ ते १९९५ सलग पाच टूर हे सगळ्यांना पाठ असते. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे की १९९२ आणि १९९३ या दोन्ही वर्षी त्याने मे-जूनमध्ये जिरो आणि जुलैत टूर जिंकली. लागोपाठ दोन वर्षे अशी जोडी दुसऱ्या कोणालाही जमलेली नाही. १९९२ साली लक्झेंबर्गच्या ६५ किलोमीटर टाइम ट्रायलमध्ये (यात प्रत्येक जण ठरावीक अंतराने एकेकटा सुटतो आणि घड्याळाशी झुंजतो) दुसऱ्या आलेल्याला त्याने तीन मिनिटांनी मागे टाकले, आणि तो दुसराही त्याच्याच संघातला! दोन वेळचा टूरविजेता लोराँ फिन्यों त्याच्या सहा मिनिटे आधी सुटला होता. इंदुराइनने त्यालाही वाटेत गाठले. तो निर्मळ होता अशी हमी मी देत नाही. ईपीओची चाचणी नसलेल्या वर्षांत कोणाचीच हमी देता येत नाही. त्याच्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह ठेवतो, पण क्रमांक पहिलाच.

दुसरा स्पेनचाच अल्बेर्तो कोन्तादोर, आणि इथे तुमच्या लेखकाशी माझे थोडे जुळते. जुलै २००७ ते सप्टेंबर २००८ या काळात त्याने तिन्ही शर्यती जिंकल्या. २०१० ची टूर आणि २०११ चा जिरो क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधाच्या ५० पिकोग्रॅमपायी, म्हणजे अगदी नगण्य अंशापायी, गेले. इरुनहून आणलेल्या गोमांसाचा तो दोष, हे त्याचे म्हणणे क्रीडा लवादाला पटले नाही, मलाही फारसे नाही. ती दोन वगळूनही सात उरतात.

तिसरा लान्स आर्मस्ट्राँग. त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली गेली, म्हणून तुमच्या नियमाने तो शून्य. माझ्या वहीत शून्य नव्हे. सात टूर त्याने जिंकल्या हे मी डोळ्यांनी पाहिले आणि त्या कशा जिंकल्या हे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०१२ च्या अहवालात सहकाऱ्यांच्या साक्षींसह वाचले. दोन्ही खरे आहे. तिसरा का, तर तो वर्षभर फक्त जुलैसाठी जगला. जिरो नाही, व्हुएल्टा नाही. साक्षीदारांना त्याने जे छळले त्याचा राग मला आजही आहे, पण क्रमवारी रागाने लावत नाहीत.

चौथा पंतानी, जिरो आणि टूर दोन्ही जिंकलेल्या एका १९९८ सालासाठी. पुढच्याच वर्षी इटलीतल्या मादोन्ना दी काम्पिल्यो गावी, जिरो जवळजवळ खिशात असताना, हेमॅटोक्रिट ५२ निघाले आणि त्याला शर्यत सोडून घरी जावे लागले. २००४ साली रिमिनीच्या हॉटेलात एकटा मेला, वय ३४. पाचवा स्वित्झर्लंडचा टोनी रोमिंगर, सलग तीन व्हुएल्टा आणि एक जिरो. तुमच्या लेखकाला तो आठवलाच नाही. उलरिश सहावा. फोरमनची क्षमा मागून.

एक विनंती. तुमच्या तक्त्यात १९९९ ते २००५ च्या टूरच्या ओळीच गाळल्या आहेत. १९९८ नंतर थेट २००६ येते. त्या सात वर्षांचा विजेता म्हणून आयोजकांनी दुसऱ्या कोणालाही बसवलेले नाही, कारण मागच्यांपैकी कोणाला बसवायचे हाच प्रश्न होता. ओळी छापा आणि विजेत्याच्या रकान्यात आडवी रेघ ओढा.

कळावे,
आपला जुना वाचक,
कोथरूड, पुणे

ता. क. – एकाच वर्षी जिरो आणि टूर जिंकणारा पंतानी हा शेवटचा, असे लेखात छापले आहे. २०२४ साली स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने ते केले. दुरुस्ती द्यावी.