एकांचा मनोरा नऊवरच थांबतो

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या मुलांच्या पानावर एकांची गंमत आली आहे. 11 चा वर्ग 121, 111 चा वर्ग 12321, आणि पुढे ‘कितीही एक घेतले तरी मनोरा चढतच जातो’ असे म्हटले आहे. हे शेवटचे वाक्य चूक आहे. मनोरा नऊ एकांपर्यंतच टिकतो. तिथे मिळते 12345678987654321 ही सतरा अंकी संख्या.

चौकटीच्या वहीत 111111111 ला त्याच संख्येने गुणून पाहा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज घेतली की उजवीकडच्या पहिल्या रकान्यात 1, दुसऱ्यात 2, नवव्यात 9 आणि मग उतरण. कुठेच 9 च्या वर बेरीज जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात 10 होतात. तिथे 0 मांडून हातचा 1. तो शेजारच्या 9 मध्ये मिळून पुन्हा 10, पुन्हा हातचा. तो 8 मध्ये जाऊन 9, आणि तिथे थांबतो. उत्तर येते 1234567900987654321. डावीकडच्या चढणीतला 8 गेला आणि शिखरावर दोन शून्ये बसली. मुलांना खरे शिकायला मिळते ते इथे.

ताळा कागदावरच करावा. एक्सेल 15 अंकच राखतो, त्यामुळे सतरा अंकी संख्या टाकली की तो 12345678987654300 दाखवतो आणि शेवटचे 21 गुपचूप जातात.

या संख्येला ‘डेमलो’ हे नाव गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिले, तेही जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवरच्या आपल्या डोंबिवली स्थानकावरून. कापरेकरांचा जन्म 1905 मध्ये डहाणूचा, माध्यमिक शिक्षण ठाण्यात. ठाण्यातल्या वाचकांसाठी छापलेल्या मजकुरात त्यांचे नाव नसावे, याचे फार वाईट वाटले. त्यांची कसोटी अशी: संख्येचा डावा आणि उजवा भाग मिळवला की एकच अंक पुन्हा पुन्हा यावा आणि मधला भागही त्याच अंकाचा असावा. 2553 मध्ये 2 आणि 3 मिळून 5, मध्ये 55. आपल्या संख्येत 12345678 आणि 87654321 यांची बेरीज 99999999, मध्ये 9.

अंकांची बेरीज 81 येते आणि 81 ने संख्येला निःशेष भाग जातो, भागाकार 152415789971041. म्हणजे कापरेकरांनीच नाव दिलेली ही ‘हर्षद’ संख्याही आहे. याचे कारण अवयवांत आहे. 111111111 म्हणजे 3 × 3 × 37 × 333667. वर्ग केल्यावर 3 चार वेळा, 37 आणि 333667 दोन-दोन वेळा येतात, आणि चार वेळा 3 म्हणजेच 81. विभाजक एकूण 5 × 3 × 3 = 45. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, त्यामुळे मोजताना सम आकडा आला तर एखादा सुटला किंवा दोनदा धरला असे समजावे.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापताना दहा एकांचा गुणाकार हातच्यांसकट पूर्ण मांडून द्यावा, ही विनंती.

— गणिताचे निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे